मुंग्या बोटांना, गडबड मानेत

अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला मुंग्या येतात म्हणून माणूस दवाखान्यात जातो. डॉक्टर हात दाबून बघतात, कोपरापाशी रबरी हातोडीने ठोकतात आणि मग सांगतात, "मान जरा मागे न्या. आता उजवीकडे झुकवा." पेशंट मनातल्या मनात वैतागतो. दुखतंय कुठे आणि हे बघतायत कुठे! तेवढ्यात खांद्यापासून थेट अंगठ्यापर्यंत सणक जाते आणि तक्रार घशातच राहते.

याच्या उलटा प्रकार तर घरोघरी. सकाळी उठावं तर मान धरलेली. मागून कोणी हाक मारली तर अख्खं धड वळवायचं. घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकमताने निदान करून मोकळे होतात : नस दबली. कोणी तेल सुचवतं, कोणी गळपट्टा, कोणी उशी बदलायला लावतं. चार-सहा दिवसांत मान मोकळी होते. नसेला मुळात काही झालेलंच नसतं.

म्हणजे मान भयंकर दुखत असूनही नस शाबूत असू शकते आणि मान जेमतेम अवघडलेली असताना नस चिडलेली असू शकते. दुखण्याच्या जोरावरून हा भेद कळत नाही. दुखणं कुठवर उतरतं, सोबत काय घेऊन येतं आणि मान कुठे नेली की वाढतं, हे विचारलं तर मात्र बरंच कळतं.

मणके सात, नसा आठ

मानेत मणके ७ आणि त्यांच्यामधून बाहेर पडणाऱ्या नसांच्या जोड्या ८. हिशेब चुकल्यासारखा वाटतो, पण पहिली नस पहिल्या मणक्याच्याही वरून, कवटीच्या खालून निघते. दुसरी दुसऱ्या मणक्याच्या वरून, असं करत सातवी सातव्याच्या वरून. सातव्या मणक्याच्या खाली जी जागा उरते तिच्यातून आठवी. कागदावर या नसा सी-१ ते सी-८ अशा लिहितात. रिपोर्टमध्ये 'सी ५-६ ची गादी' असं असेल तर ती पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी, आणि तिच्या शेजारून जाणारी नस सहावी. हा क्रम एकदा लक्षात आला की रिपोर्ट निम्मा वाचता येतो.

वरच्या चार नसांचं काम मुख्यतः मान, डोक्याचा मागचा भाग आणि खांद्याचा वरचा भाग एवढ्यापुरतं. हाताचा सगळा कारभार पाचवी ते आठवी या चार नसा आणि छातीच्या मणक्यांतली पहिली नस मिळून बघतात. म्हणून मानेतल्या नसेचं दुखणं बहुतेक वेळा हातात उतरतं.

मज्जारज्जूतून निघालेली नस दोन मणक्यांच्या बाजूच्या छिद्रातून बाहेर पडते. नसेच्या या सुरुवातीच्या तुकड्याला नसमूळ म्हणू. छिद्र अरुंद, पुढच्या बाजूला मणक्यांमधली गादी, मागच्या बाजूला मणक्यांचा छोटा सांधा. गादीला बाहेरून चिवट तंतूंचं कडं आणि आत मऊ गाभा असतो. तरुण आणि मध्यमवयीन माणसांत कडं फाटून गाभा बाहेर येतो आणि नसमुळाला खेटतो. वय वाढलं की गादी पातळ होते, मणके एकमेकांजवळ येतात, कडांवर हाडाच्या बारीक वाढी तयार होतात आणि छिद्र हळूहळू आवळत जातं. बोलीभाषेत पहिल्याला 'गादी सरकली' म्हणतात आणि दुसऱ्याला सरसकट 'स्पाँडिलायटिस'. गादी अर्थात उशीसारखी जागची सरकत नाही. ती दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. म्हणूनच कोणीतरी हाताने ती 'परत बसवून' देण्याचा दावा करतं तेव्हा सावध असलेलं बरं.

मेंदूला पत्ता चुकतो

मानेत त्रास झालेल्या नसेची जाणीव अंगठ्यात का व्हावी? दारावरच्या बेलची वायर जिन्यात कुठेतरी सोलली गेली आणि तिथे तारेला तार लागली, तर स्वयंपाकघरात बेल वाजते आणि आपण दार उघडायला धावतो. दारात कोणीच नसतं. घंटेला फक्त एवढंच ठाऊक असतं, की या तारेवरून संदेश आला म्हणजे दारात माणूस आहे. मेंदूचंही तसंच. अंगठ्याकडून येणाऱ्या तंतूवर संदेश आला, मग तो अंगठ्यातून निघालेला असो की मानेतल्या छिद्रातून, मेंदू त्याची नोंद अंगठ्याच्या खात्यावर करतो.

निरोगी नसमूळ नुसतं दाबलं, तर दुखण्यापेक्षा मुंग्या आणि बधिरपणा जास्त येतो. दुखायला लागतं ते नसमूळ सुजलेलं, दाहावर असतं तेव्हा. या बाबतीत १९५८ साली स्मिथ आणि राइट या दोघांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग नमुनेदार आहे. तो कंबरेतल्या नसांवरचा असला, तरी तत्त्व तेच. सायटिकाचं ऑपरेशन करताना त्यांनी नसमुळांभोवती नायलॉनचा दोरा घातला आणि दोऱ्याची टोकं कातडीबाहेर आणून ठेवली. नंतर पेशंट शुद्धीवर असताना दोरा हलकेच ओढला. त्रास झालेल्या नसमुळाचा दोरा ओढल्याबरोबर पायातली ती जुनी ओळखीची कळ आली. शेजारच्या निरोगी नसमुळाला ओढ दिली तर तसं काही झालं नाही. आज कुठलीही नैतिक समिती अशा प्रयोगाला परवानगी देईल असं वाटत नाही, पण त्यातून कळलं ते मोलाचं होतं. फुटलेल्या गादीचा गाभा स्वतःच दाह निर्माण करतो, हेही पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं.

म्हणून इथे 'दबलेली' पेक्षा 'चिडलेली' नस म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. गादीचा तुकडा जागच्या जागी असतानाही सूज उतरली की दुखणं कमी होतं, याचा उलगडा त्यातून होतो. शिवाय बाहेर आलेला गाभा शरीर पुष्कळदा हळूहळू शोषूनही घेतं.

हातावरचा नकाशा

नुसत्या स्नायूचं किंवा सांध्याचं दुखणं खोल, बोथट आणि पसरट असतं. ते मानेतून खांद्यावर येतं, पाठीच्या फऱ्यापर्यंत जातं, कधी दंडातही ठणकतं. पण कोपराखाली क्वचित उतरतं. नेमकं बोट ठेवून 'इथे' असं दाखवता येत नाही, पेशंट सगळा तळहात फिरवून दाखवतो.

नसेचं दुखणं वेगळ्या स्वभावाचं. चमक मारते, विजेचा झटका बसल्यासारखं होतं, आग होते, आणि ते एका पट्ट्यातून खाली धावतं. सोबत मुंग्या येतात, बधिरपणा येतो किंवा ताकद कमी होते. यांतलं काहीतरी एक असलं तरी नसेचा विचार करायला लागतो.

कुठली नस, हे बोटं सांगतात. पाचव्या नसेचा त्रास खांद्याच्या बाहेरच्या बाजूला आणि दंडावर जाणवतो. हात बाजूने वर उचलायला जड जातो, डोक्यावरून शर्ट काढताना कळतं. सहावी नस अंगठा आणि तर्जनीकडे जाते. कोपर वाकवण्याची आणि मनगट वर उचलण्याची ताकद तिच्यावर बरीच अवलंबून. सातवी मधल्या बोटाकडे. तिच्या त्रासात दंडाच्या मागचा स्नायू लुळावतो. जमिनीवर हात टेकून उठताना कोपर ताठ राहत नाही, जड दार ढकलताना एक हात मागे पडतो. आठवी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाकडे. पकड ढिली होते, किल्ली फिरवताना, बरणीचं झाकण उघडताना ते लक्षात येतं. या सगळ्यांत सातवी सर्वांत जास्त वेळा सापडते, तिच्या खालोखाल सहावी.

नकाशा म्हटलं तरी तो गावच्या शिवेसारखा आखीव नाही. शेजारच्या नसांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात आणि माणसामाणसांत फरक असतो. त्यातही मुंग्या आणि बधिरपणा नकाशाला बऱ्यापैकी धरून असतात, कळ मात्र कुठेही भटकते. अनेकांना सुरुवातीला फऱ्याच्या आतल्या कडेला खुपतं, जणू तिथे खिळा ठोकला आहे, आणि हातातली लक्षणं काही दिवसांनी येतात. तोवर पाठीला मलम चोळून झालेलं असतं.

डॉक्टर हातोडीने ठोकतात ते याच नकाशासाठी. कोपराच्या मागे ठोकल्यावर हाताला जो झटका बसायला हवा तो एका बाजूला मंद असेल, तर संशय सातव्या नसेवर जातो. पेशंटला ताकद कमी झाल्याचं कळलेलं नसतं तेव्हाही हा झटका खरं सांगतो.

मान वर करून पाणी पिताना

मान मागे नेली आणि दुखऱ्या बाजूला झुकवली की त्या बाजूची छिद्रं आणखी आवळतात. म्हणून तांब्याला तोंड न लावता वरून पाणी पिताना, गुळण्या करताना, उंच दोरीवर कपडे वाळत घालताना किंवा माळ्यावरचा डबा शोधताना हातात कळ उतरत असेल, तर ती नोंद डॉक्टरांना आवर्जून सांगावी. साध्या लचकेत मान हलवली की मान दुखते. इथे मान हलवली की हात दुखतो.

अमेरिकन मेंदूशल्यचिकित्सक स्परलिंग आणि स्कोव्हिल यांनी १९४४ साली याच गोष्टीवर आधारलेली एक तपासणी सुचवली. मान दुखऱ्या बाजूला झुकवून डोक्यावर वरून हलका दाब द्यायचा आणि हातात कळ उतरते का ते बघायचं. उतरली तर नसमुळाचा संशय पक्का होतो. उतरली नाही म्हणून नस निर्दोष असं मात्र ठरत नाही. ही तपासणी घरी एकमेकांवर करून बघू नये. अपघातानंतर किंवा हाडं ठिसूळ असताना ती डॉक्टरही टाळतात.

घरी सुरक्षितपणे बघता येईल अशी खूण नेमकी उलटी आहे. दुखऱ्या हाताचा तळवा डोक्यावर ठेवला की नसमुळावरचा ताण सैल होतो आणि पुष्कळांना बरं वाटतं. काही जण कोणी न सांगता तसेच बसतात, रात्री तसेच झोपतात. खांद्याच्या सांध्याचंच दुखणं असेल तर हात वर नेणं हीच शिक्षा असते. एकाच हालचालीला दोन दुखणी अशी उलट उत्तरं देतात, म्हणून मला ही खूण फार आवडते.

जाता जाता एक इशारा. सलूनमध्ये चंपीनंतर मान दोन्हीकडे 'कडक' करून मोडून घेण्याची काहींना हौस असते. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही जातात आणि अचानक पिळाने त्यांचं अस्तर फाटल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. ज्याच्या हातात आधीच मुंग्या आहेत त्याने तर हा शौक साफ सोडावा.

मान नसते तेव्हा

बोटांना मुंग्या आल्या की दोष मानेचाच, असंही नाही. सर्वांत जास्त गल्लत होते ती मनगटात नस आवळली जाण्याच्या विकाराशी, म्हणजे कार्पल टनेलशी. तिथेही अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मुंग्यांनी भरतं. पण त्यात माणूस रात्री जागा होतो, हात झटकतो आणि झटकल्यावर बरं वाटतं. मान कशीही फिरवा, फरक पडत नाही. गरोदरपण, थायरॉइडची कमतरता, मधुमेह यांत हा विकार जास्त दिसतो. आणि मनगटात आवळलेली नस कोपर सरळ करण्याची ताकद कधीच कमी करू शकत नाही, कारण त्या स्नायूची तार मनगटापर्यंत जातच नाही. कोपर कमजोर असेल तर शोध वरच घ्यायला हवा.

करंगळीच्या मुंग्यांचंही असंच. टेबलावर कोपर टेकून तासन्‌तास बसणाऱ्याला, फोन कानाला लावून कोपर वाकवून ठेवणाऱ्याला कोपराच्या आतल्या बाजूची नस त्रास देते. तिचा बधिरपणा साधारण मनगटापाशी थांबतो आणि पुष्कळदा अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भागच बधिर होतो. आठव्या नसमुळाचा बधिरपणा हाताच्या आतल्या कडेने कोपराकडे वर चढतो. दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकदमच झिणझिणत असतील, तर मानेआधी साखर आणि बी-१२ तपासलेलं बरं. निव्वळ शाकाहारी लोकांत बी-१२ ची कमतरता काही दुर्मीळ नाही. एका पट्ट्यात आग होऊन दोन-तीन दिवसांनी तिथेच पुळ्या उठल्या, तर ती नागीण.

चौकट : इथे वाट बघू नये

डावा हात, जबडा किंवा छाती भरून येणं, घाम फुटणं, दम लागणं, चालल्यावर वाढणं : आधी हृदय तपासा, मान नंतर.

हातांची सफाई जाणं (बटणं लागत नाहीत, अक्षर बदललं, भात कालवताना बोटं ऐकत नाहीत), चालताना तोल जाणं, पाय ताठरणं, लघवी-शौचावरचा ताबा बदलणं, मान पुढे वाकवली की पाठीतून पायांपर्यंत विजेसारखी लहर जाणं : हे नसमुळाचं नव्हे, मज्जारज्जूवरच्या दाबाचं लक्षण असू शकतं. यात दुखणं अगदी थोडंही असू शकतं. लगेच दाखवा.

ताप, वजन घटणं, रात्री पडूनही न थांबणारं दुखणं, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग, पडल्या-आपटल्यानंतरची मानदुखी : डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

करंगळीच्या बाजूला दुखणं आणि त्याच बाजूची पापणी उतरलेली, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यात : फुप्फुसाच्या टोकाची तपासणी हवी.

हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होणं : दुखणं असो वा नसो, थांबू नका.

एमआरआयचा कागद

चौकटीतलं काही नसलेल्यांनी पहिल्याच आठवड्यात एमआरआयसाठी रांग लावायची गरज नसते. जपानमध्ये १२११ निरोगी, काहीही तक्रार नसलेल्या स्वयंसेवकांच्या मानेचे एमआरआय काढले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या, आणि विशीतल्या पोरांमध्येही सुमारे तीन चतुर्थांशांच्या. म्हणजे रस्त्यावरच्या कुणालाही मशीनमध्ये घातलं तरी रिपोर्टवर 'बल्ज' हा शब्द उमटण्याची शक्यता दांडगी. तो शब्द वाचून लोक झोप घालवतात, वाकायचं सोडतात, दुचाकी विकायला काढतात.

फोटोतला बिघाड आणि अंगावरचा नकाशा जुळला तरच त्या बिघाडाला अर्थ. मुंग्या उजव्या मधल्या बोटाला आणि रिपोर्टमध्ये डावीकडची सी ५-६ ची गादी, तर ती गादी या प्रकरणात साक्षीदारसुद्धा नाही. एमआरआय लागतो तो चौकटीतलं काही असेल तेव्हा, ताकद घटत असेल तेव्हा, किंवा कित्येक आठवडे उपचार करूनही दुखणं हटत नाही आणि इंजेक्शन-ऑपरेशनचा विचार करायची वेळ येते तेव्हा. नसेतून वीज सोडून करायची तपासणी मनगट की मान हा घोळ सोडवायला चांगली, पण स्नायूंत सुई घालून बघायचा तिचा भाग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अनेकदा कोराच येतो. बदल दिसायला तेवढा वेळ लागतो.

पुढे काय होतं

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं शहर आहे. तिथे १९७६ ते १९९० या काळातले मानेतल्या नसमुळाच्या त्रासाचे सगळे पेशंट नोंदींवरून शोधून काढले गेले. वर्षाला लाखामागे सुमारे ८३ जणांना हा त्रास झाला होता, सर्वांत जास्त पन्नाशीच्या पहिल्या पाच वर्षांत. अपघात किंवा जोराच्या कामानंतर त्रास सुरू झाल्याची नोंद जेमतेम १५ टक्क्यांत सापडली. त्यामुळे 'काल असं काय उचललं होतं मी' या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरच नसतं. सुमारे चौघांतल्या एकाचं ऑपरेशन झालं. काही वर्षांनी शेवटची चौकशी केली तेव्हा दहापैकी नऊ जणांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता.

गळपट्ट्याबद्दल लोक दोन टोकांची मतं बाळगून असतात. नेदरलँड्समधल्या २०५ पेशंटांवरच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्रास नुकताच सुरू झालेल्यांचे तीन गट केले होते. एकाला काही आठवडे पट्टा आणि विश्रांती, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला नेहमीचे व्यवहार चालू ठेवायला सांगितलं. सहा आठवड्यांनी पहिल्या दोन गटांचं दुखणं तिसऱ्यापेक्षा जास्त उतरलं होतं. सहा महिन्यांनी तिन्ही गट एकाच जागी आले. पट्टा थोडे दिवस कामाचा खरा, पण वर्षानुवर्षं घालून फिरायचा तो दागिना नव्हे.

बरं होण्याचाही एक क्रम असतो. बहुधा आधी हातातली कळ कमी होते, ताकद सावकाश भरून येते आणि बोटाच्या टोकाचा बधिरपणा सर्वांत शेवटी, कधी कधी महिन्यांनी जातो. कळ गेली आणि मुंग्या थोड्या उरल्या, तर घाबरण्यासारखं सहसा काही नसतं. मात्र कळ गेली आणि त्याच सुमारास कप हातातून निसटायला लागला, दंडाचा घेर एका बाजूला कमी दिसायला लागला, तर ती सुधारणा समजू नये; अशी नस चिडायची थांबलेली नसते, ती काम करायची थांबत असते, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना पुन्हा गाठायला हवं.